पाणी तुटलेला ऊस आणि रक्त तुटलेले हृदय



लागण, खते, तोडणीचा कार्यक्रम आणि ऊसबिले हे या पत्रिकेचे नेहमीचे विषय. त्यांच्या जोडीला या अंकात एक वेगळा विषय घेत आहोत, आणि त्याला कारण आहे. ईट गटातून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एकच प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. घरातल्या कर्त्या माणसाला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो. भूम, बार्शी करीत पेशंट पुण्याला पोचतो. देवदयेने जीव वाचतो. मग हातात एक जाडजूड फाईल पडते आणि तीत ‘थॅलियम स्कॅन’, ‘रिव्हर्सिबल डिफेक्ट’, ‘व्हायेबल’, ‘स्कार’ असले शब्द असतात. डॉक्टरसाहेब सांगतात, घरचे मान हलवतात. गावी आल्यावर मात्र ओट्यावर बसून विचार सुरू होतो : "हृदयाचा एक भाग हलत नाही म्हणतात. मग तो मेलाच म्हणायचा का? आणि मेला असेल तर ऑपरेशनसाठी जमीन गहाण टाकून उपयोग काय?"

ऑपरेशन करावे की नाही, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. तो डॉक्टरांचा. पण त्या शब्दांचा अर्थ कळला तर डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो, आणि नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. तेवढ्यासाठीच हा लेख. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : हृदयाचा जो भाग हलत नाही, तो मेलेलाच असतो असे नाही. जिवंत कोणता आणि मेलेला कोणता, हे शोधण्याची युक्ती माणसाला सापडलेली आहे.

ताण पडलेल्या उसाच्या तीन अवस्था

बालाघाटाच्या डोंगररांगेवरचे आपले रान. पाऊस लहरी, विहिरी-बोअरचा भरवसा नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या मंडळींनी भोगला, २०१५-१६ चा आपण सगळ्यांनीच. त्यामुळे पाण्याचा ताण पडलेला ऊस कसा दिसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पाणी आठ-पंधरा दिवस लांबले की पाने गुंडाळतात, वाढ थांबते. पाणी दिले की पाने पुन्हा उलगडतात, पण कांडी लगेच धरत नाही. पाणी पोचलेले असते, तरी पीक काही दिवस मुकाट उभे असते. ही पहिली अवस्था. दुसरी अवस्था महिनोन्महिने अर्ध्या पाण्यावर काढलेल्या उसाची. तो खालची पाने वाळवतो, वाढ सोडून देतो आणि आहे त्या ओलीवर जीव धरून राहतो. लांबून बघणारा म्हणतो, फड गेला. पण जाणता शेतकरी बेटाशी बसतो, मुळी उकरून बघतो, डोळा बघतो आणि म्हणतो, "अजून जीव आहे, दोन पाण्यांचा प्रश्न आहे." तिसरी अवस्था आपण जाणतोच. मुळी वाळली, डोळा करपला. तिथे कितीही पाणी सोडा, नांगर घालण्यावाचून इलाज नाही.

हृदयाच्या स्नायूचे अगदी असेच आहे. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते पोचवणाऱ्या तीन मुख्य रक्तवाहिन्या हृदयाच्या अंगावरूनच गेलेल्या असतात. त्यातली एखादी गुठळीने बंद झाली की तिच्या खालच्या भागाचे ‘पाणी’ तुटते. मिनिटभराच्या आतच तो भाग आकुंचन पावायचा थांबतो. पण थांबणे म्हणजे मरणे नव्हे. पूर्ण बंद वाहिनीखालचा स्नायू मरायला सुरुवात होते ती साधारण वीस मिनिटांनंतर. आधी आतल्या बाजूचा थर जातो, मग मरण बाहेरच्या बाजूला सरकत येते. तीन ते सहा तासांत बहुतेक सगळी जाडी जाते. म्हणजे रक्त किती वेळ तुटले, यावर सगळा हिशेब आहे.

या वेळेच्या आत रक्त पुन्हा सुरू झाले तर स्नायू वाचतो, पण तो लगेच कामाला लागत नाही. काही तास, काही दिवस, कधी काही आठवडेसुद्धा सुन्न राहतो. १९७५ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की पंधरा मिनिटे रक्त तोडून पुन्हा सुरू केले तरी स्नायूची हालचाल कितीतरी तास मंदच राहते. १९८२ साली यूजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर या अमेरिकन डॉक्टरांनी या अवस्थेला जे नाव रूढ केले त्याचा अर्थ ‘सुन्न पडलेला स्नायू’. ही आपली पहिली अवस्था. शहाबुद्दीन रहिमतुला या हृदयतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात दुसरी अवस्था जगापुढे ठळकपणे मांडली : अरुंद वाहिनीखाली महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेला, काम कमी करून जीव राखलेला स्नायू. थंडीत बेडूक जमिनीखाली निपचित पडून राहतो, तसा. म्हणून त्याला ‘निद्रिस्त स्नायू’ म्हणू. तिसरी अवस्था म्हणजे मेलेला भाग. तिथे स्नायू जाऊन जखमेच्या व्रणासारखा तंतू राहतो. फाईलमध्ये त्यालाच ‘स्कार’ म्हणतात.

सोनोग्राफीच्या साध्या तपासणीत, म्हणजे इकोमध्ये, तिन्ही भाग सारखेच दिसू शकतात. तिन्ही हलत नाहीत. मग मुळी उकरून बघायची कशी? छाती उघडून तर बघता येत नाही.

रोपावरून सुरू झालेली युक्ती

ही युक्ती पहिल्यांदा वापरली गेली ती वनस्पतीवर, हे वाचून आपल्याला बरे वाटेल. जॉर्ज हेवेशी नावाचे हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२३ साली बाकल्याची रोपे किरणोत्सारी शिशाच्या पाण्यात ठेवली आणि ते शिसे मुळातून खोडात, खोडातून पानात किती गेले हे मोजले. किरणोत्सारी पदार्थ जिथे जाईल तिथून किरण टाकतो, त्यामुळे त्याचा माग काढता येतो. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरासारखेच आहे हे. बैल दिसला नाही तरी कुठे आहे ते आवाजावरून कळते. या कामासाठी हेवेशींना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे किरणोत्सारी फॉस्फरस वापरून, पिकाने खतातले स्फुरद किती घेतले आणि जमिनीतले किती, हेही याच रीतीने मोजू लागले.

आपल्या महाराष्ट्राचा या कामात मोठा वाटा आहे. मुंबईजवळ तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. त्यानंतर १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ या भट्ट्या आल्या. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. अणुभट्टी म्हटले की आपल्याला बॉम्ब किंवा वीज आठवते. पण याच भट्ट्यांतून रोगनिदानासाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थही तयार होत आले. ते माणसाच्या उपयोगी आणण्यासाठी १९६३ साली परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट कॅमेरा याच केंद्रात बसला. भुईमुगाच्या टॅग-२४ आणि उडदाच्या टीएयू-१ या जाती आपल्यापैकी अनेकांनी पेरल्या असतील. त्या ज्या तुर्भ्याच्या संशोधनातून आल्या, त्याच तुर्भ्याची ही दुसरी देणगी.

थॅलियम : पोटॅशचा तोतया भाऊ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उसाला पोटॅश लागते तसे शरीरातल्या प्रत्येक जिवंत पेशीलाही लागते. पेशीच्या भिंतीवर एक सूक्ष्म पंप असतो. तो बाहेरचे पोटॅशियम सतत आत ओढतो. हा पंप पेशीतल्या ऊर्जेवर चालतो. पेशी मेली की पंप बंद.

थॅलियम हा धातू पोटॅशियमचा तोतया आहे. पेशीला दोघांतला फरक ओळखू येत नाही आणि ती थॅलियमही आत ओढते. थॅलियमचे क्षार पूर्वी उंदीर मारायला वापरत, म्हणजे पदार्थ विषारीच. पण तपासणीत टोचले जाणारे थॅलियम इतके अल्प असते की विषबाधेचा प्रश्न येत नाही. थॅलियम-२०१ हा त्याचा किरणोत्सारी प्रकार १९७० च्या दशकात हृदयासाठी वापरात आला. त्याची किरणे टाकण्याची ताकद साधारण ७३ तासांनी, म्हणजे तीन दिवसांनी, निम्मी होते.

तपासणी अशी होते. पेशंटला चालत्या पट्ट्यावर चालवतात किंवा औषध देऊन हृदयाच्या वाहिन्या रुंदावतात, आणि त्याच वेळी शिरेतून थॅलियम टोचतात. जिथे रक्त भरपूर, तिथे थॅलियम भरपूर जाते. जिथे वाहिनी अरुंद, तिथे कमी जाते. लगेच काढलेल्या चित्रात त्या जागी फिकट डाग दिसतो. पण एवढ्यावरून काहीच ठरत नाही. हा डाग अर्धपोटी राहिलेल्या स्नायूचा असेल किंवा मेलेल्या स्नायूचाही.

खरी गंमत तीन-चार तासांनी दिसते. शेतात सरीने पाणी सोडले की वरच्या सऱ्या आधी भरतात. टेलच्या सरीत कचरा अडकलेला असेल तर ती कोरडी राहते. पण मोटार बंद केल्यावर भरलेल्या सऱ्यांचे पाणी हळूहळू मुरते आणि कोरड्या सरीतही आजूबाजूची ओल पसरत येते. काही तासांनी दोन्हीकडची ओल सारखी होऊ लागते. थॅलियमचे तसेच. निरोगी स्नायूत गेलेले थॅलियम लवकर बाहेर पडून रक्तात येते. उपाशी पण जिवंत स्नायू ते रक्तातून सावकाश ओढत राहतो. दुसऱ्या चित्रात डाग भरून आलेला दिसतो. मेलेल्या भागात पंपच नसतो, म्हणून तिथला डाग तसाच राहतो. थॅलियमच्या या वागण्याला ‘पुनर्वितरण’ म्हणतात. एकदाच टोचून, दोनदा चित्र काढून, तात्पुरते रक्त तुटलेला स्नायू आणि मेलेला स्नायू वेगळे ओळखता येतात, हे जेराल्ड पोहोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिले. फाईलमधल्या ‘रिव्हर्सिबल’ या शब्दाचा अर्थ हाच : भरून आलेला डाग.

पण एवढ्यावर थांबले असते तर कितीतरी जिवंत स्नायू मेल्यात जमा झाले असते. काही ठिकाणी रक्त इतके कमी पोचते की चार तासांतही थॅलियम पुरेसे येत नाही. मग १९९० साली अमेरिकेतल्या वास्केन दिलसिझियन आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. दुसऱ्या चित्रानंतर थोडे थॅलियम पुन्हा टोचले आणि तिसरे चित्र काढले. आधी न भरणारे म्हणून ठरलेल्या डागांपैकी जवळजवळ निम्मे डाग तेव्हा भरून आले किंवा पुष्कळ सुधारले! ज्यांच्यावर मेल्याचा शिक्का बसला होता, त्यातले निम्मे जिवंत निघाले. नांगर घालण्याआधी अजून एक पाणी देऊन बघावे, असे जुने शेतकरी म्हणतात ते याच अर्थाने.

टेक्नेशियम : गाभणी न राहता दूध देणारी गाय

थॅलियम सायक्लोट्रॉनमध्ये करावे लागते, ते महाग पडते आणि त्याचे चित्रही थोडे अस्पष्ट येते. म्हणून आज जास्त चालते ते टेक्नेशियम. त्याची ताकद सहा तासांत निम्मी होते. मग ते मुंबईहून पुण्याला, सोलापूरला न्यायचे कसे? त्यावर उपाय मोठा नामी आहे. टेक्नेशियमची ‘आई’ म्हणजे मॉलिब्डेनम. तिची ताकद निम्मी व्हायला ६६ तास लागतात. शिशाच्या जाड डब्यात मॉलिब्डेनम भरून पाठवतात. त्यात टेक्नेशियम आपोआप तयार होत राहते. रोज सकाळी डब्यातून मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम त्या पाण्याबरोबर बाहेर येते. परदेशातले तंत्रज्ञ या डब्याला ‘गाय’ आणि या क्रियेला ‘दूध काढणे’ म्हणतात. खव्याच्या भट्ट्या पेटणाऱ्या आपल्या भागाला हे नाव सहज पटेल. आठवडाभर दूध निघते, मग गाय आटते.

हृदयासाठी टेक्नेशियमला ‘सेस्टामिबी’ या औषधाची जोड देतात. अमेरिकेत त्याला १९९० च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. हे औषध पेशीत शिरले की पेशीच्या ऊर्जाघरात अडकते आणि थॅलियमसारखे इकडून तिकडे फिरत नाही. म्हणजे ते काट्याच्या पावतीसारखे आहे. गाडी काट्यावर आली त्या क्षणी वजन जेवढे, तेवढे पावतीवर छापले. पुढे यार्डात ऊस वाळला तरी पावती बदलत नाही. छातीत कळ असताना सेस्टामिबी टोचले आणि चित्र दोन तासांनी काढले, तरी चित्र दिसते ते कळ असतानाचेच. याचा एक मोठा फायदा झाला. झटक्याच्या वेळी टोचून नंतर चित्र काढायचे, आणि काही दिवसांनी पुन्हा टोचून दुसरे काढायचे. पहिल्यात धोक्यात सापडलेला भाग दिसतो, दुसऱ्यात गमावलेला. वजाबाकी केली की उपचाराने किती वाचला ते कळते. मात्र सेस्टामिबी पावतीसारखे असल्याने एका टोचणीवर भागत नाही. श्रमाच्या वेळी एकदा आणि विश्रांतीत एकदा, असे दोनदा टोचावे लागते.

आणि आता साखरेची गोष्ट

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर आल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. निरोगी हृदय उपाशीपोटी मुख्यतः चरबीवर चालते. पण चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो. रक्त कमी पडले की हृदय शहाणपणा करते. ते चरबी सोडून ग्लुकोजवर येते, कारण तेवढ्याच प्राणवायूत ग्लुकोजपासून थोडी जास्त ऊर्जा मिळते आणि थोडी प्राणवायूशिवायही मिळते. (आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. हृदय वापरते ते त्यातले ग्लुकोज.)

ग्लुकोजच्या कणाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडले की एफडीजी नावाचे औषध होते. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते. पहिली प्रक्रियाही करते, पण पुढे ते सरकत नाही. मोळी गव्हाणीत पडली आणि रोलरपाशी अडकली, तसे. ते जिथे अडकते तिथे पेट कॅमेऱ्यात दिसते. त्याची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते. आता एकाच हृदयाची दोन चित्रे घ्या. एकात रक्त किती पोचते ते, दुसऱ्यात साखर किती खाल्ली जाते ते. रक्त कमी आणि साखर भरपूर, असे जिथे दिसेल तो भाग उपाशी आहे, पण जेवतो आहे. तोच निद्रिस्त स्नायू. रक्तही नाही आणि साखरही नाही, तो भाग गेला.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे हृदयाला आठवण राहते. रक्त पुन्हा सुरू झाल्यावरही चरबी जाळण्याचे काम काही काळ मंद असते. आयोडिन लावलेले चरबीसारखे एक औषध जपानमध्ये १९९३ पासून वापरात आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, श्रमामुळे रक्त कमी पडल्याची खूण या औषधाने तब्बल ३० तासांपर्यंत दाखवली. कळ काल येऊन गेली, आज माणूस हसतो-बोलतो आहे, तरी स्नायू कालची गोष्ट सांगतो.

फाईल हातात घेऊन विचारायचे प्रश्न

वरच्या सगळ्याचा सारांश असा :

१) डाग श्रमात दिसतो, विश्रांतीत भरून येतो : स्नायू जिवंत आहे, वाहिनी अरुंद आहे.
२) स्नायू हलत नाही, पण औषध नीट घेतो, आणि रक्तही नीट पोचते : सुन्न स्नायू. बहुधा वेळ जाऊ द्यावा लागतो.
३) स्नायू हलत नाही, रक्त कमी, पण औषध उशिरा घेतो किंवा साखर खातो : निद्रिस्त स्नायू. फाईलमध्ये ‘व्हायेबल’.
४) कोणत्याच चित्रात काही घेत नाही : व्रण, ‘स्कार’.

डॉक्टरांना विचारावे : किती भाग जिवंत आहे, किती गेला? हृदयाची एकूण ताकद किती टक्के आहे? रक्त पुन्हा पोचवल्याने त्रास कमी होईल, आयुष्य वाढेल, की दोन्ही? केवळ औषधांवर काय होईल? यातली काही माहिती एमआरआय किंवा औषध देऊन केलेल्या इकोतूनही मिळते. जवळ जे उपलब्ध असेल त्यावर डॉक्टर ठरवतील.

चित्राने सगळेच ठरत नाही

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. जिवंत भाग दिसला म्हणजे लगेच ऑपरेशन, आणि नाही दिसला म्हणजे आशा संपली, इतका सरळ हिशेब नाही. हृदयाची ताकद ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १,२१२ रुग्णांचा ‘स्टिच’ नावाचा अभ्यास झाला. दहा वर्षांनंतर, केवळ औषधांवर असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६६ दगावले होते, तर बायपास झालेल्यांत सुमारे ५९. फायदा आहे, पण चमत्कार नाही. याच अभ्यासात ६०१ रुग्णांची स्नायू जिवंत आहे का ही तपासणी झाली. जिवंत स्नायू जास्त असलेले जास्त जगले, पण बायपासचा फायदा कोणाला होईल हे त्या तपासणीने ठरले नाही. २०२२ साली ब्रिटनमधल्या ७०० रुग्णांच्या अभ्यासात, कमजोर हृदयाच्या रुग्णांना स्टेंट घालून मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती होणे कमी झाले नाही. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचा आजार स्थिर आहे अशांना घाईने स्टेंट-बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. छातीतला त्रास मात्र कमी झाला.

हे सारे स्थिर अवस्थेतल्या रुग्णांबद्दल आहे. चालू झटक्यात बंद वाहिनी तातडीने उघडणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग, याबद्दल दुमत नाही. म्हणून जमीन गहाण टाकण्याआधी, पेशंट स्थिर असेल तर, दुसऱ्या हृदयतज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, याचीही हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

भीती आणि तयारी

‘किरणोत्सारी’ म्हटले की बायाबापडे घाबरतात. हे औषध काही तासांत किंवा दिवसांत निस्तेज होते, शिवाय लघवीवाटेही जाते. टेक्नेशियमच्या दोन टप्प्यांच्या तपासणीत किरणांची मात्रा साधारण १० मिलिसिव्हर्टच्या आसपास येते. जमिनीतून, आकाशातून आणि अन्नातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे मात्रा नगण्य नाही, पण घाबरण्यासारखीही नाही. कारण असेल तर तपासणी करावी, उगीच दरवर्षी करू नये. गरोदर असल्याची शंका असेल किंवा मूल अंगावर पीत असेल तर आधी सांगावे.

तपासणीच्या आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात, ते पाळावे. चहातल्या द्रव्याने तपासणीच्या औषधाचा परिणाम मारला जातो आणि चित्र फसवे येते. दम्याचा त्रास असेल तर सांगावे. मधुमेह असेल तर मुद्दाम सांगावे, कारण साखरेच्या तपासणीत रक्तातली साखर आधी ताब्यात आणावी लागते. रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टर सांगतील त्याच कराव्यात.

शेवटी महत्त्वाचे

मुंबई-पुण्याचे यंत्र कितीही हुशार असले तरी ते उरलेल्याचा हिशेब सांगते. किती उरवायचे ते ईटमध्ये, आपल्या घरात, पहिल्या तासात ठरते. वीस मिनिटे आणि सहा तास हे दोन आकडे विसरू नका. छातीत दाबल्यासारखे होणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, अचानक धाप : यातले काही झाले की ‘पित्त झालंय, ओवा चावा’ म्हणत बसू नये. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कळ न येता नुसताच दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे वाटते, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी माणसाला चालवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. १०८ ला फोन करावा, आणि गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने जवळच्या, ईसीजी निघेल अशा दवाखान्यात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. तोडणीच्या धांदलीत ‘खेप गेल्यावर बघू’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. खेप दुसऱ्या दिवशी जाईल, मेलेला स्नायू परत येत नाही.

तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर वेळोवेळी तपासणे हे कमी खर्चाचे आणि आपल्या हातातले. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा ते बरे. हा लेख घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा, आणि १०८ हा आकडा भिंतीवर, कारखान्याच्या कॅलेंडरशेजारी, ठळक लिहून ठेवावा, ही सर्व सभासदांना आमची नम्र विनंती.